बोलण्याचा उपचार : दावा आणि पुरावा

१

मनातील दुःख दुसऱ्याजवळ बोलून दाखविल्याने ते हलके होते, हा अनुभव कोणत्याही एका समाजाचा अथवा एका काळाचा नाही. मराठीत त्यासाठी ‘मन मोकळे करणे’ असा रूढ शब्दप्रयोग आहे. आणि मन मोकळे करण्यासाठी आई, मैत्रीण, वडीलधारे माणूस किंवा गुरू यांपैकी कोणी ना कोणी माणसाला नेहमीच लागत आले आहे. परंतु दुःख हलके होणे ही एक गोष्ट आणि विकार बरा होणे ही दुसरी. बोलणे हा केवळ दिलासा नसून वैद्यकीय अर्थाने उपचार आहे, हा दावा अर्वाचीन आहे, आणि त्याचे स्थळ व काळ बऱ्याच नेमकेपणाने सांगता येतात. हा दावा १८८०–८२ या काळात व्हिएन्ना येथे एका तरुण स्त्रीच्या आजारपणात जन्मास आला व १८९५ साली एका ग्रंथाच्या रूपाने जगापुढे आला.

त्या दाव्याच्या इतिहासात एक मोठी अडचण आहे. ज्या रुग्णाच्या वृत्तान्तावर तो प्रथम उभारला गेला, ती रुग्ण त्या उपचारामुळे बरी झाली नव्हती, हे १९७२ पासून कागदोपत्री सिद्ध आहे. असे असता, त्या पायावर पुढे उभ्या राहिलेल्या सर्व उपचारपद्धतींचे मोल काय समजावयाचे? पायाच खोटा, म्हणून इमारतही खोटी, असा निष्कर्ष काही टीकाकारांनी काढला आहे. तर काही अनुयायांनी पायातील दोषांकडे डोळेझाक केली आहे. या दोन्ही भूमिकांत एक समान चूक आहे. कोणत्याही उपचाराचे मोल त्याच्या जन्मकथेवरून ठरत नाही. ते त्याच्याविषयी पुढे कोणता पुरावा, कोणत्या रीतीने गोळा झाला यावरून ठरते. म्हणून बोलण्याच्या उपचाराचा इतिहास हा वस्तुतः त्याच्या पुराव्याचा इतिहास म्हणून वाचावयास हवा.

२

योझेफ ब्रॉयर (१८४२–१९२५) हा व्हिएन्नातील प्रतिष्ठित वैद्य होता. श्वसनाच्या स्वयंनियंत्रणाविषयी हेरिंगसह त्याने १८६८ साली केलेले संशोधन आजही शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दोघांच्या नावाने ओळखले जाते. कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांचा शरीराच्या तोलाशी असलेला संबंधही त्याने अभ्यासिला होता. अर्थात तो भाबडा किंवा चमत्कारप्रिय मनुष्य नव्हता.

१८८० च्या अखेरीस त्याच्याकडे एका सधन ज्यू कुटुंबातील एकवीस वर्षांची कन्या उपचारासाठी आली. वडील जुलैपासून आजारी होते आणि रात्री त्यांच्या उशाशी बसून ती त्यांची शुश्रूषा करीत होती. प्रथम तिला खोकला जडला. पुढे दृष्टिदोष, उजव्या अंगाचा लुळेपणा आणि बधिरता, चित्रविचित्र भास ही लक्षणे आली. तिची मातृभाषा जर्मन. परंतु काही काळाने ती जर्मन बोलेनाशी झाली व केवळ इंग्रजीत बोलू लागली. १८८१ च्या एप्रिलमध्ये वडील वारले आणि तिची अवस्था अधिकच बिकट झाली.

दररोज सायंकाळी तिला एक प्रकारची गुंगी येई. त्या अवस्थेत ती जे शब्द पुटपुटे, ते कोणी तिच्यापुढे पुन्हा उच्चारले, की ती एखादी करुण कथा सांगू लागे. आणि कथा संपली, की काही तास तरी शांत होई. ब्रॉयर जवळजवळ रोज येऊन हे ऐकत असे. १८८१ च्या उन्हाळ्यात एक विलक्षण प्रसंग घडला. तहानेने जीव कासावीस होऊनही तिला पाण्याचा पेला ओठांस लावता येईना. सुमारे सहा आठवडे ती कलिंगडासारख्या रसाळ फळांवरच तहान भागवीत होती. एके दिवशी संमोहित अवस्थेत तिने आपल्या इंग्रज सोबतिणीविषयी तक्रार सुरू केली. त्या बाईच्या कुत्र्याला तिने पेल्यातून पाणी पिताना पाहिले होते व शिष्टाचारापायी त्या वेळी ती गप्प राहिली होती. कोंडलेला हा तिटकारा बोलून संपताच तिने पाणी मागितले आणि ती भरपूर पाणी प्याली. लक्षण पुन्हा उद्भवले नाही, असे ब्रॉयरने लिहिले आहे.

यानंतर वैद्य व रुग्ण मिळून प्रत्येक लक्षणाचा माग उलट क्रमाने काढू लागले. लक्षण प्रथम कोणत्या प्रसंगी दिसले तेथपर्यंत बोलत जावयाचे, की ते लक्षण मावळते, अशी त्यांची रीत होती. या रीतीस नाव दिले ते रुग्णाने. गंभीरपणे बोलताना ती तिला इंग्रजीत ‘टॉकिंग क्यूअर’, म्हणजे बोलण्याचा उपचार, म्हणे. आणि थट्टेने ‘चिमनी स्वीपिंग’, म्हणजे धुराड्याची झाडलोट. ब्रॉयरने स्वतः जो पारिभाषिक शब्द योजिला, तो ‘कॅथार्सिस’ हा होता. ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रातील या शब्दाचा मूळ अर्थ वैद्यकीय विरेचनाचा आहे, असे याकोब बेर्नाइस याने १८५७ साली प्रतिपादिले होते, आणि त्याची चर्चा जर्मन भाषिक जगात गाजली होती. मराठी समीक्षेत ‘विरेचन’ म्हणून परिचित असलेली संकल्पना येथे पुन्हा वैद्यकाच्या दारी परतली, असे म्हणता येईल.

या वृत्तान्तातील एक गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवावी. उपचाराची कल्पना वैद्याने रुग्णावर लादलेली नव्हती. रुग्ण बोलली, ऐकून घेण्याचा आग्रह तिने धरला, त्याचा उपयोग काय तेही तिनेच सांगितले. वैद्याचे श्रेय हे, की त्याने ऐकले.

३

१८९५ साली ब्रॉयर व सिग्मंड फ्रॉइड यांचा हिस्टेरियावरील संयुक्त ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात हा वृत्तान्त ‘ॲना ओ.’ या कल्पित नावाने आला आहे. उपचार १८८२ च्या जूनमध्ये संपला व रुग्ण सर्व लक्षणांतून मुक्त झाली, असे तेथे सांगितले आहे. तिला पूर्ण मानसिक तोल लाभण्यास त्यानंतरही बराच काळ लागला, असे एक वाक्यही ब्रॉयरने जोडले आहे. परंतु वाचकांच्या स्मरणात राहिली ती मुक्तता. ते एक वाक्य कोणी फारसे ध्यानात घेतले नाही.

फ्रॉइडचा चरित्रकार अर्नेस्ट जोन्स याने १९५३ साली त्या रुग्णाचे खरे नाव उघड केले. ती बर्था पापेनहाइम (१८५९–१९३६) होती. जोन्सने एक नाट्यमय कथाही सांगितली. त्या कथेप्रमाणे उपचाराच्या अखेरीस रुग्णाला मिथ्या गर्भधारणेचा भास झाला. त्याने गांगरून ब्रॉयर पत्नीसह व्हेनिसला निघून गेला, आणि त्या प्रवासात त्याच्या धाकट्या कन्येचा गर्भ राहिला. या कन्येचा जन्म ११ मार्च १८८२ रोजी, म्हणजे उपचार संपण्यापूर्वीच झाला होता. एका जन्मतारखेने ही कथा ढासळते. चरित्रकाराच्या शब्दावर विसंबून अनेक वर्षे ती पुन्हा पुन्हा लिहिली गेली, ही गोष्ट सर्वच संशोधकांनी मनात बाळगावी अशी आहे.

याहून महत्त्वाचा शोध हेन्री एलेनबर्गर याने १९७२ साली प्रसिद्ध केला. स्वित्झर्लंडमधील क्रॉयट्सलिंगेन येथील बेलेव्ह्यू या खाजगी आरोग्यधामाच्या दप्तरात त्याला बर्था पापेनहाइमची नोंद सापडली. ब्रॉयरने तेथील वैद्यांना १८८२ साली लिहून पाठविलेला अहवालही त्यात होता. छापील वृत्तान्तानुसार जूनमध्ये रोगमुक्त झालेली ही स्त्री जुलै १८८२ मध्ये त्या आरोग्यधामात दाखल झाली होती व ऑक्टोबरअखेरपर्यंत तेथे होती. चेहऱ्यावरील मज्जातंतूंच्या तीव्र वेदनांसाठी तिला मॉर्फीन दिले जात होते आणि त्याची सवय मोडणे हा तेथील उपचाराचा एक भाग होता. जर्मन भाषा सुटण्याचे लक्षणही पूर्णपणे गेलेले नव्हते. आल्ब्रेख्ट हिर्शम्युलर याने १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या विस्तृत संशोधनाने या माहितीत भर घातली. १८८३ ते १८८७ या काळात ती आणखी तीन वेळा व्हिएन्नाजवळच्या एका आरोग्यधामात राहिली होती. तिचा मूळ आजार शारीरिक तर नव्हता ना, अशी शंकाही पुढे काही वैद्यांनी घेतली. परंतु शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींवरून नवे निदान करणे हे जुन्या निदानाइतकेच अनिश्चित आहे.

बर्था पापेनहाइमचे उत्तरायुष्य मात्र निःसंशय आहे. १८८८ साली ती आईसह फ्रँकफर्टला गेली. १८९५ साली, म्हणजे तिचा आजार ग्रंथरूपाने छापला गेला त्याच वर्षी, ती तेथील अनाथ मुलींच्या आश्रमाची व्यवस्थापक झाली. मेरी वुल्स्टनक्राफ्टच्या स्त्रियांच्या हक्कांवरील ग्रंथाचा तिने केलेला जर्मन अनुवाद १८९९ साली निघाला. १९०४ साली तिने ज्यू स्त्रियांची देशव्यापी संघटना स्थापिली. १९०७ साली नॉय-इझेनबुर्ग येथे संकटग्रस्त मुली व कुमारी माता यांच्यासाठी निवारा उघडला. आणि स्त्रियांच्या व्यापाराविरुद्ध ती अखेरपर्यंत झगडली. १९५४ साली पश्चिम जर्मनीने तिच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. तारुण्यातील त्या उपचाराविषयी तिने जाहीरपणे काही लिहून ठेवलेले नाही. जिने ‘बोलण्याचा उपचार’ हे शब्द जगाला दिले, तिने त्याविषयी मौन पाळले.

या सर्वांवरून काय निष्पन्न होते? ब्रॉयरने अप्रामाणिकपणे लिहिले असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. काही लक्षणे काही काळ बोलण्याने गेली असावीत. पाण्याचा प्रसंग सर्वस्वी कल्पित असण्याचे कारण दिसत नाही. परंतु एकाच साक्षीदाराने तेरा वर्षांनंतर छापलेला, एकाच रुग्णाचा वृत्तान्त एवढ्या मोठ्या दाव्याचा भार सोसू शकत नाही. येथे उणीव होती ती पुराव्याच्या स्वरूपातच होती.

४

फ्रॉइडने ब्रॉयरकडून ही हकीकत १८८२ च्या नोव्हेंबरमध्ये ऐकली होती. पॅरिसला शार्कोकडे संमोहनविद्या पाहून आल्यावर त्याने ती पद्धत अवलंबिली. परंतु थोड्याच वर्षांत त्याने संमोहन सोडून दिले व मनात येईल ते न निवडता बोलण्याची, म्हणजे मुक्त साहचर्याची पद्धत स्वीकारली. येथेही रुग्णांचा वाटा होता. १८८९ साली ज्या स्त्रीवर तो उपचार करीत होता, तिने ‘हे कशामुळे, ते कशामुळे’ असे सारखे विचारू नये व आपल्याला सांगावयाचे ते सांगू द्यावे, असे त्याला स्पष्टपणे बजावले, आणि त्याने ते मानले. ग्रंथात ही नोंद त्याने स्वतःच केली आहे.

मनोविश्लेषणाचा पुढील प्रसार सर्वश्रुत आहे. कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली व फ्रॉइडशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. परंतु पुराव्याच्या दृष्टीने या कालखंडात फारसा बदल झाला नाही. उपचारकाच्या खोलीत काय बोलले जाते, हे उपचारकाने नंतर आठवून लिहिलेल्या टिपणांवरूनच इतरांस कळत होते. साक्षीदार एकच, आणि तोही पक्षकार, ही स्थिती कायम राहिली.

५

या खोलीचे दार प्रथम उघडले ते ध्वनिमुद्रण यंत्राने. अमेरिकेतील ओहायओ राज्य विद्यापीठात कार्ल रॉजर्स आणि त्याचे विद्यार्थी १९४० नंतर समुपदेशनाच्या मुलाखती तबकड्यांवर मुद्रित करू लागले. रॉजर्सच्या १९४२ च्या ग्रंथात एका संपूर्ण उपचाराच्या आठही मुलाखती शब्दशः छापलेल्या आहेत. समुपदेशक काय म्हणाला, अशिलाने काय उत्तर दिले, कोठे तो अडखळला, हे कोणत्याही वाचकाने स्वतः पाहावे अशी सोय त्यामुळे झाली.

त्यातून एक साधी पण मार्मिक गोष्ट बाहेर आली. शब्दांची मोजदाद केली असता, सल्ला व मार्गदर्शन देणारे समुपदेशक हे अशिलापेक्षा कितीतरी अधिक बोलतात, असे दिसले. ज्याचे दुःख, त्यालाच बोलण्यास वाव नव्हता. रॉजर्सच्या रीतीत प्रमाण उलटे होते. ऐकणाऱ्याने थोडे बोलावे. जे बोलेल त्यातून समोरच्याची भावना आपल्याला समजली आहे हे त्याला कळावे. उपदेश व निवाडा टाळावा, असा तिचा आशय होता. समोरच्याविषयी निखळ आदर, त्याच्या दृष्टीने जग पाहण्याची समज आणि ऐकणाऱ्याच्या ठायी खरेपणा या गोष्टी मनोपरिवर्तनास आवश्यक आहेत व त्या पुरेशाही आहेत, असे त्याने १९५७ साली मांडले. ‘आवश्यक’ हा शब्द बऱ्याच अंशी टिकला. ‘पुरेशा’ हा शब्द वादग्रस्त राहिला.

शिकागो येथे रॉजर्स व त्याचे सहकारी आणखी पुढे गेले. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात काही अशिलांना उपचारापूर्वी साठ दिवस थांबविण्यात आले व त्या अवधीत आपोआप किती फरक पडतो हे पाहण्यात आले. उपचाराविना काय घडते, हा प्रश्न ब्रॉयरला सुचला नव्हता. आता तो टाळता येण्यासारखा राहिला नाही.

६

तोच प्रश्न लंडनच्या हान्स आयझेंकने १९५२ साली अत्यंत कठोर शब्दांत विचारला. सात हजारांहून अधिक रुग्णांच्या २४ अहवालांची त्याने तपासणी केली. मनोविश्लेषण घेतलेल्यांपैकी ४४ टक्के, मिश्र पद्धतीचे उपचार घेतलेल्यांपैकी ६४ टक्के, आणि केवळ रुग्णालयात राहिलेल्या किंवा सामान्य वैद्याकडे गेलेल्यांपैकी ७२ टक्के रुग्ण सुधारले, असे त्याने दाखविले. मनोविकारांचे सुमारे दोन तृतीयांश रुग्ण दोन वर्षांत उपचाराविनाही सुधारतात. मग उपचाराने नक्की साधते काय, हा त्याचा सवाल होता.

आयझेंकच्या आकडेवारीत दोष होते. तुलनेसाठी घेतलेला एक गट सरकारी रुग्णालयांतून बाहेर पडलेल्यांचा, तर दुसरा विम्याचा मोबदला मागणाऱ्यांचा होता. ‘सुधारणा’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी निराळा होता. आणि सामान्य वैद्यांनीही आपल्या रुग्णांना धीर देऊन त्यांचे ऐकून घेतले होतेच. परंतु उत्तर चुकीचे असले तरी प्रश्न योग्य होता. त्याच्या टोचणीमुळेच पुढील पंचवीस वर्षांत तुलनागट असलेल्या अभ्यासांची संख्या झपाट्याने वाढली. १९७७ साली मेरी ली स्मिथ व जीन ग्लास यांनी अशा ३७५ अभ्यासांचे निष्कर्ष एकाच मापाने मोजून एकत्र केले. उपचार घेतलेला सरासरी मनुष्य उपचार न घेतलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांहून चांगल्या स्थितीत असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. चांगल्या-वाईट अभ्यासांची ही सरमिसळ आयझेंकला मान्य झाली नाही. आणि अनुकूल निष्कर्ष अधिक प्रमाणात छापले जात असल्याने असे आकडे फुगतात, हे पुढील संशोधनाने दाखविले. फुगवटा वजा केला तरी लाभ शिल्लक राहतो. मात्र तो आकाराने मध्यम आहे.

स्मिथ व ग्लास यांना आणखी एक गोष्ट आढळली. परस्परांशी वैर करणाऱ्या पद्धतींच्या फलांत म्हणण्यासारखे अंतर नव्हते. जेरोम फ्रँकने याचे कारण १९६१ च्या आपल्या ग्रंथात आधीच सुचविले होते. विश्वासाचे नाते, उपचारासाठी राखलेले स्थळ, दुःखाचा अर्थ लावणारे एखादे स्पष्टीकरण, आणि दोघांनी मिळून करावयाची काही ठराविक कृती ही चार अंगे सर्व पद्धतींत समान आहेत, असे त्याचे म्हणणे होते. या दृष्टीने पाहता ब्रॉयरच्या खोलीतही ही चारही अंगे होती. केवळ स्पष्टीकरण तेवढे एकमेव सत्य मानले गेले.

७

बोलण्याने नेमके काय बदलते, याविषयीची कल्पना १९६० नंतर पालटली. फिलाडेल्फियाचा ॲरन बेक (१९२१–२०२१) हा मनोविश्लेषणातच शिकलेला होता. नैराश्य हा अंतर्मुख झालेला द्वेष आहे, हे मत सिद्ध करण्यासाठी त्याने नैराश्यग्रस्तांची स्वप्ने तपासली. पण त्यांत द्वेषापेक्षा अपयश व हानी यांचीच चित्रे सापडली. रुग्णांच्या मनात बोलण्याच्या ओघाबरोबरच दुसरा एक अबोल प्रवाह चाललेला असतो, असेही त्याच्या लक्षात आले. ‘मी कुचकामी आहे’, ‘यापुढे काही चांगले घडावयाचे नाही’, असे विचार क्षणात येऊन जातात आणि माणूस ते पडताळून न पाहता खरे मानतो. बेकच्या उपचारात हे विचार बोलून दाखवावयाचे, त्यांना पुरावा मागावयाचा, आणि दैनंदिन व्यवहारात त्यांची परीक्षा घ्यावयाची. कोंडलेली भावना बाहेर काढणे ही जुनी कल्पना मागे पडली. दोघांनी मिळून केलेला शोध ही नवी कल्पना पुढे आली.

अशा उपचाराची औषधाशी तुलना करता येते, हेही बेकच्या गटाने दाखविले. १९७७ सालच्या त्यांच्या चाचणीत केवळ ४१ रुग्ण होते. बेकच्या पद्धतीचा उपचार घेतलेल्यांत सुधारणा इमिप्रामीन या औषधाहून सरस आढळली. मात्र अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने घडवून आणलेल्या, सुमारे अडीचशे रुग्णांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९८९ साली आले, तेव्हा चित्र अधिक संयत दिसले. सौम्य नैराश्यात निरनिराळ्या उपचारांत फारसा फरक नव्हता. तीव्र नैराश्यात मात्र औषधाचे पारडे जड होते. बोलण्याच्या उपचाराची मर्यादा येथे प्रथमच मापून दाखविली गेली. नील जेकबसनने १९९६ साली या उपचाराचे घटक वेगळे करून तपासले. सुटलेली कामे, भेटीगाठी व आवडीच्या गोष्टी पुन्हा हळूहळू सुरू करविणे एवढ्यानेही संपूर्ण उपचाराइतका लाभ होतो, असे त्याला आढळले.

हा शोध वरवर किरकोळ वाटला तरी त्याचे परिणाम दूरगामी होते. उपचाराचा गाभा इतका साधा असेल, तर तो देण्यासाठी दीर्घ प्रशिक्षण घेतलेला तज्ज्ञच लागतो काय? ज्या देशांत असे तज्ज्ञ मूठभर आहेत, तेथे हा प्रश्न केवळ विद्वच्चर्चेचा नव्हता.

८

युगांडाच्या ग्रामीण भागातील ३० खेड्यांत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. तेथे स्थानिक लोकांनाच अल्पकाळ शिकवून त्यांच्याकरवी नैराश्यग्रस्तांच्या गटबैठका चालविण्यात आल्या. उपचारानंतर नैराश्याचे निकष लागू पडणाऱ्यांचे प्रमाण उपचार मिळालेल्या खेड्यांत ६·५ टक्के, तर इतर खेड्यांत ५४·७ टक्के होते.

भारतात या प्रश्नाचा सर्वांत पद्धतशीर शोध गोव्यात घेतला गेला. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या द्वारे विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील २४ दवाखान्यांत ‘मानस’ ही चाचणी केली. त्यांपैकी १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे होती व १२ खाजगी दवाखाने. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना समुपदेशनाचे प्रशिक्षण देण्यात आले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, निदान निश्चित झालेल्यांपैकी सहा महिन्यांत बरे झालेल्यांचे प्रमाण समुपदेशक असलेल्या सरकारी केंद्रांत ६५·९ टक्के, तर नसलेल्या केंद्रांत ४२·५ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक आढळला नाही. तेथे समुपदेशकाविनाही बरे होणाऱ्यांचे प्रमाण मुळातच अधिक होते. ओळखीचा डॉक्टर रुग्णाची आस्थेने विचारपूस करतो हे त्याचे एक कारण असू शकेल. तसे असेल, तर तेथेही ‘ऐकणे’ अगोदरच घडत होते, असे म्हणावे लागेल.

दुसरी चाचणी गोव्यातीलच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली व तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. तीत तीव्र किंवा तीव्रतेकडे झुकणारे नैराश्य असलेले ४९५ प्रौढ होते. त्यांची वाटणी यदृच्छया दोन गटांत केली गेली. दोन्ही गटांतील रुग्णांविषयी केंद्राच्या डॉक्टरांस कळविले गेले व उपचाराची मार्गदर्शक सूत्रे दिली गेली. एका गटाला त्याशिवाय समुपदेशकाबरोबर तीस ते चाळीस मिनिटांच्या सहा ते आठ बैठका मिळाल्या. जेकबसनने वेगळा काढलेला घटक हाच या बैठकांचा मुख्य आशय होता. समुपदेशक व्यवसायाने तज्ज्ञ नव्हते. बैठका ध्वनिमुद्रित केल्या जात, आणि समुपदेशक एकमेकांचे मुद्रण ऐकून त्यावर चर्चा करीत व गुण देत. रॉजर्सच्या तबकड्यांनी आरंभिलेली परंपरा अशा रीतीने आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचली. रुग्ण आपल्या स्थितीला बहुधा ‘टेन्शन’ म्हणत, आणि समुपदेशकही रोगाच्या नावाचा शिक्का न मारता त्याच शब्दाने बोलत. नाव रुग्णाने द्यावे व ऐकणाऱ्याने ते स्वीकारावे, हा क्रम व्हिएन्नातही असाच होता.

तीन महिन्यांनंतर बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के, आणि न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले होते. या दोन आकड्यांत बोलण्याच्या उपचाराविषयी जे प्रामाणिकपणे सांगता येते ते बहुतेक सर्व आले आहे. बैठकांविनाही सुधारलेले ३९ टक्के लोक आयझेंकच्या प्रश्नाची आठवण देतात. त्यांचे श्रेय बैठकांना घेता येत नाही. बैठका मिळूनही न सुधारलेले ३६ टक्के लोक हा उपचार सर्वांसाठी पुरेसा नसल्याचे सांगतात. त्यांना औषध, तज्ज्ञ किंवा दुसरा उपाय हवा. मधला २५ टक्क्यांचा फरक तेवढा त्या संभाषणांचा. ब्रॉयरने सांगितलेल्या संपूर्ण रोगमुक्तीपेक्षा हा दावा कितीतरी लहान आहे. पण तो खरा आहे.

९

इंग्लंडमध्ये २००८ पासून बोलण्याचे उपचार सरकारी आरोग्यसेवेत मोठ्या प्रमाणावर आणले गेले. २०२३ साली त्या योजनेस जे नवे नाव दिले गेले, त्यात ‘टॉकिंग’ हा बर्था पापेनहाइमचा शब्द पुन्हा आला. ‘क्यूअर’ हा शब्द मात्र गळून त्या जागी ‘थेरपीज’ आला. हा बदल योगायोगाचा असला तरी सूचक आहे. बोलण्याने काही जणांना अपायही होतो व त्यांची स्थिती बिघडते, हे १९६६ पासून नमूद आहे. उन्मादाच्या किंवा वास्तवाचे भान सुटण्याच्या गंभीर विकारांत केवळ बोलण्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. दारिद्र्य, छळ किंवा कर्ज यांमुळे आलेले दुःख बोलल्याने त्याचे कारण नाहीसे होत नाही. मात्र दुःखाने खचलेल्या माणसाला त्या कारणाशी झुंजण्याचे बळ कित्येकदा त्यातून मिळते.

भारताच्या २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, निरनिराळ्या मनोविकारांच्या बाबतीत सुमारे ७० ते ९२ टक्के रुग्णांना कोणताच उपचार मिळत नसल्याचे आढळले. या आकड्यापुढे उभे राहिले म्हणजे बोलण्याच्या उपचाराचा इतिहास केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा विषय राहत नाही. व्हिएन्नात एका सधन कुटुंबातील एका रुग्णाकडे एक नामांकित वैद्य दीड वर्ष जवळजवळ रोज जात होता, आणि तरीही ती त्या वेळी बरी झाली नाही. गोव्यातील आरोग्य केंद्रात एखाद्या कष्टकरी स्त्रीला सहा वेळा, प्रत्येकी अर्धा तास ऐकून घेणारे माणूस मिळाले, आणि ती बरी होण्याचा संभव निश्चितपणे वाढला. या दोन प्रसंगांमधील अंतर केवळ सव्वाशे वर्षांचे नाही. मधल्या काळात प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीच्या शब्दावर विसंबून न राहता ‘कशावरून?’ असे विचारले, आणि उत्तर प्रतिकूल आले तेव्हाही ते नोंदवून ठेवले. ॲना ओ.ची कथा रोगमुक्तीचा पुरावा म्हणून टिकली नाही. माणसाचे बोलणे गंभीरपणे ऐकून घेण्याजोगे आहे, ही त्या कथेतील गोष्ट मात्र टिकली, आणि तिचे मोल किती हे आता मोजून सांगता येते.